फॉल्स, फेक की डिसीटफुल? खोटेपणासाठी नेमके इंग्रजी विशेषण कसे निवडावे

इंग्रजीत ‘खोटा’ लिहायची वेळ आली की हात आधी ‘फॉल्स’कडे जातो. पुष्कळदा ते चालते. एरवी व्याकरण बिनचूक असूनही वाक्य खटकते. म्हणून विशेषण नंतर शोधा. आधी खोटे काय आहे ते ठरवा. विधान, वस्तू की माणूस?

विधानाला ‘फॉल्स’ लावा. ‘फेक स्टेटमेंट’ ही वेगळीच गोष्ट आहे: ते निवेदन त्या व्यक्तीने दिलेलेच नसते, कोणीतरी तिच्या नावावर खपवलेले असते. ‘फॉल्स स्टेटमेंट’ तिनेच दिलेले असते, पण मजकूर खरा नसतो. नुसती चूक असेल तर ‘राँग’ पुरे. ‘राँग अ‍ॅड्रेस’ चुकून लिहिला जातो, ‘फॉल्स अ‍ॅड्रेस’ मुद्दाम. मात्र ‘फॉल्स’मध्ये दर वेळी लबाडी असतेच असे नाही, ‘फॉल्स अलार्म’मध्ये बहुधा कोणी कोणाला फसवत नाही.

वस्तू असेल तर ती कशी बनवली ते पाहा. नोटा, नाणी, ब्रँडचा माल, औषधे यांची हुबेहूब नक्कल ‘काउंटरफिट’. सही, मृत्युपत्र, धनादेश असे काही बनावट केले किंवा त्यात फेरफार केला तर ‘फोर्ज्ड’. ‘काउंटरफिट सिग्नेचर’ अर्थाने कळेल, पण रुळलेली जोडी ‘फोर्ज्ड सिग्नेचर’. ‘फेक’ यांतल्या बहुतेक ठिकाणी चालतो, फक्त थोडा सैल वाटतो. कवळीला मात्र ‘फॉल्स टीथ’ आणि कृत्रिम पायाला ‘आर्टिफिशिअल लेग’. इथे तर्क लढवू नका, जोडी पाठ करा.

माणसाबद्दल लिहिताना सर्वाधिक घोळ होतो. ‘ही इज फॉल्स’ जुनाट वाटते आणि त्यातून दगाबाज असा अर्थ निघतो. ‘डिसऑनेस्ट’ सर्वांत व्यापक: खोटे बोलणे, चोरी, परीक्षेतली कॉपी, सगळे त्यात येते. ‘डिसीटफुल’मध्ये फसवण्याचा हेतू पक्का असतो. ‘डिसेप्टिव्ह’ला हेतू लागत नाही, म्हणून तो निर्जीव गोष्टींनाही बसतो: शांत दिसणारे पण खोल पाणी ‘डिसेप्टिव्ह’ असते, ‘डिसीटफुल’ कधीच नाही.

हेतू सिद्ध करता येत नसेल तर ‘मिसलीडिंग’ (दिशाभूल करणारे) हाच सुरक्षित शब्द. शब्दन्‌शब्द खरा असूनही विधान ‘मिसलीडिंग’ असू शकते. ‘सर्दीचे हे औषध घेतलेले बहुतेक जण दहा दिवसांत बरे झाले’ हे खरे असेल. पण साधी सर्दी बहुधा तेवढ्या दिवसांत आपोआपच जाते. हा फरक किती जपतात पाहा: ब्रिटनच्या कनिष्ठ सभागृहात दुसऱ्या सदस्याला ‘लायर’ म्हणणे असंसदीय ठरते, कारण त्यात मुद्दाम फसवल्याचा आरोप असतो.

‘डिसइन्जेन्युअस’ त्याच्यासाठी, जो सगळे माहीत असून भोळेपणाचा आव आणतो. स्पेलिंग जपून लिहा: ‘इन्जेन्युअस’ म्हणजे निष्कपट आणि ‘इन्जीनिअस’ म्हणजे कल्पक. ‘फिक्शनल’ कथेतले पात्र, ‘फिक्टिशस’ बहुधा फसवायला घेतलेले नाव.

शेवटी भाषेचा बाज तपासा. ‘फोनी’ (बनावट, ढोंगी) बोलण्यातला, ‘बोगस’ही अनौपचारिक, तरी बातम्यांत चालतो. विमा किंवा कायद्याच्या मजकुरात ‘फ्रॉड्युलंट क्लेम’ लिहा. खोटारडा या अर्थाचा ‘मेंडेशस’ फार जड आहे. साध्या ईमेलमध्ये तो हास्यास्पद दिसतो. तरीही शंका उरली तर कोलोकेशन डिक्शनरी, म्हणजे शब्दांच्या रुळलेल्या जोड्यांचा कोश, उघडा आणि विशेषण नव्हे, नाम शोधा: त्याच्याशी जुळणारी विशेषणे तिथेच दिलेली असतात.