सिव्ह ५ साठी स्वतःची सिव्ह बनवताय? या चुका टाळा, मी सगळ्या करून बसलोय

सिव्हिलायझेशन ५ (सिव्ह ५) या कॉम्प्युटर गेमसाठी मोड, म्हणजे गेममध्ये आपण घातलेली भर, बनवायला घेतला की पहिला मनस्ताप हाच, की गेम तोंडातून ब्र काढत नाही. मोड यादीत दिसतो, टिक होतो, पुढची स्क्रीन येते आणि सिव्ह (ज्या राज्याने खेळायचं ते) निवडायला गेलो तर आपली सिव्हच गायब. एरर नाही, काही नाही. मी ख्मेर बनवत होतो, लीडर दुसरा सूर्यवर्मन, म्हणजे अंकोरवाट बांधणारा, आणि दोन अख्ख्या संध्याकाळी गेल्यावर कळलं की गेमच्या डेटाबेसच्या एका टेबलमध्ये लीडरच्या टाईपमधला (आतल्या नावातला) अंडरस्कोर राहिलाय. बस, एवढंच.

म्हणून बाकी काही करायच्या आधी लॉग (गेम कुठे अडला त्याची नोंद) चालू करा. डॉक्युमेंट्समधल्या माय गेम्सच्या फोल्डरात गेमची कॉन्फिग फाईल असते, त्यात लॉगिंग एनेबल्डपुढे ० असतो, तिथे १ करा. मग लॉग्स फोल्डरात डेटाबेस लॉग तयार होतो, आणि तो सरळ सांगतो की अमुक टेबलमधल्या अमुक कॉलमने जो लीडर मागितलाय तो लीडर्स टेबलमध्ये नाहीच. आधी एकदा कुठलाही मोड न लावता गेम चालवून तो लॉग बाजूला कॉपी करून ठेवा, म्हणजे नंतर आपल्या मोडमुळे नवीन ओळी कुठल्या आल्या ते लगेच दिसतं. आणि वरून पहिली एरर आधी सोडवा. एक्सएमएलमध्ये (मोडची माहिती ज्या फाईलींत लिहितात त्यात) एका कॉलमचं नाव चुकलं तर ती पूर्ण फाईलच लोड होत नाही, मग त्या फाईलवर टेकलेलं सगळं कोसळतं आणि खाली वीस एरर दिसतात, प्रत्यक्षात चूक एकच असते.

दुसरी चूक लिहिण्यातली नाही, मोडबडीमधली (मोड बनवायच्या सॉफ्टवेअरमधली) आहे. फाईल प्रोजेक्टमध्ये टाकली म्हणजे ती गेमने वाचली असं नसतं. डेटाबेसच्या फाईली ॲक्शन्समध्ये जाऊन ऑन मोड ॲक्टिव्हेटेड आणि अपडेट डेटाबेस असं लावून जोडाव्या लागतात. चित्रांच्या डीडीएस फाईलींना मात्र इम्पोर्ट इनटू व्हीएफएस (गेमची आभासी फाईल सिस्टिम) ट्रू करावं लागतं. लुआ, म्हणजे गेम चालू असताना चालणाऱ्या स्क्रिप्ट, तिसरीकडेच, कंटेंट टॅबमध्ये, इनगेम यूआय ॲडिन म्हणून. या तीन जागांचा घोळ प्रत्येकाचा होतो, माझा तर अजून होतो.

आयकॉनबद्दल थोडक्यात. ॲटलासच्या (अनेक आयकॉन एकत्र असलेल्या चित्राच्या) टेबलमध्ये सिव्हच्या आयकॉनचे २५६, १२८, ८०, ६४, ४५ आणि ३२ असे सगळे साईझ द्या, कारण एखादा राहिला की नेमक्या त्याच स्क्रीनवर आयकॉन गडबडतो आणि आपण भलतीकडे शोधत बसतो. पोर्ट्रेट इंडेक्सची (ॲटलासमधला कितवा आयकॉन) मोजणी ० पासून, १ पासून नाही. रंगांचं मात्र खास सांगतो: लाल, हिरवा, निळा हे आकडे इथे ० ते १ मध्ये लिहायचे असतात. चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमधून २०० वगैरे उचलून आणलात तर आधी त्याला २५५ ने भागा, नाहीतर नकाशावर तुमचं राज्य ट्यूबलाईटसारखं चमकेल.

आता खरी मजा, युनिक युनिट आणि युनिक बिल्डिंग, म्हणजे फक्त आपल्याच सिव्हला मिळणारे. माझी बिल्डिंग होती बाराय, ख्मेर लोकांचे ते प्रचंड तलाव, ॲक्वेडक्टच्या जागी. नवीन रो लिहिली, खर्च टाकला, बोनस टाकला, झालं म्हटलं. खेळून बघतो तर शहर वाढल्यावर जे ४०% अन्न शिल्लक राहायला पाहिजे ते राहतच नाही, कारण तो कॉलम मी कॉपीच केला नव्हता आणि माझी स्पेशल बिल्डिंग साध्या ॲक्वेडक्टपेक्षा भिकार निघाली. युनिटचं याहून वाईट, कारण युनिटची माहिती एका टेबलमध्ये नसते, एआय टाईप्स (कॉम्प्युटरने ते कशासाठी वापरायचं) वेगळं, फ्लेव्हर्स (कॉम्प्युटरला ते बनवायची किती ओढ) वेगळं, प्रमोशन्स (खास क्षमता) वेगळं, अपग्रेड वेगळं, आवाजाचं वेगळं. मी ट्रेबुशे या दगडफेकी यंत्राच्या जागी हत्तीवरचा बॅलिस्टा आणला आणि प्रमोशनच्या टेबलमध्ये काहीच भरलं नाही, तर तो हलल्या हलल्या सेटअप न करता गोळा टाकायला लागला. मी खूश, वाटलं काय भारी युनिट झालंय! मग लक्षात आलं की शहरावरच्या हल्ल्याचा बोनस पण गेलाय. आणि एआय टाईप्स राहिलं की तुम्ही खेळताना सगळं छान, पण कॉम्प्युटरच्या हातात तीच सिव्ह दिली की तो ते युनिट बनवतच नाही. त्यामुळे मूळ युनिटचं नाव प्रत्येक टेबलमध्ये शोधून जिथे जिथे सापडेल तिथली रो आपल्या नावाने घ्या. एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) येत असेल तर सिलेक्ट करून इन्सर्ट करा, हाताने टाईप करू नका. फक्त मजकुरात ॲपॉस्ट्रॉफी असेल तर तो दोनदा लिहा, नाहीतर तिथेच सगळं अडकतं.

सुरुवातीचं फुकट मिळणारं सामानही असंच विसरलं जातं. सेटलर, पॅलेस आणि शेतीची टेक हे गेम आपोआप देत नाही, प्रत्येक सिव्हच्या नावाने वेगळ्या टेबलमध्ये लिहावं लागतं. आणि स्क्रीनवर टीएक्सटी की असलं काही लांबलचक दिसलं तर घाबरू नका, मजकुराच्या टेबलमध्ये ती की नाहीये किंवा स्पेलिंग वेगळं आहे.

लुआला हात लावणार असाल तर दोन गोष्टी. प्लेअर डू टर्न हा इव्हेंट प्रत्येक खेळाडूसाठी चालतो, म्हणजे ० ते २१ मोठ्या सिव्ह, २२ पासून सिटी स्टेट (एकेका शहराची छोटी राज्यं) आणि ६३ वर बार्बेरियन. तुम्ही सिव्हचा टाईप तपासला नाही तर तुमचा खास बोनस अख्ख्या जगाला मिळतो, मी एकदा सगळ्या सिटी स्टेटना दर टर्नला सोनं वाटत बसलो होतो आणि विचार करतोय की हे एवढे श्रीमंत कसे. दुसरं, पहिलं शहर वसायच्या आधी राजधानी मागितली तर निल (रिकामं उत्तर) येतं आणि त्या ओळीवर स्क्रिप्ट आपटतं. लुआ लॉगमध्ये निल व्हॅल्यू असं दिसलं तर आधी हेच बघा.

टेस्ट करताना आणखी एक, जुन्या सेव्हवर नवीन व्हर्जन तपासू नका. कॅशे फोल्डर रिकामा करा आणि नवा गेम सुरू करा. त्याच कॅशेमध्ये डीबग डेटाबेसची फाईल असते, ती एसक्यूलाईट ब्राउझरमध्ये उघडली की तुमची रो खरंच आत गेली का ते डोळ्यांनी दिसतं. आणि एक गेम तरी दुसरी सिव्ह घेऊन, आपली सिव्ह शेजारी एआयला देऊन खेळा. माझ्या सूर्यवर्मनने पहिल्या शंभर टर्नमध्ये एकही बाराय बांधला नव्हता, फ्लेव्हर्सचं टेबल उघडलं तर त्यात एकही रो नव्हती.