जुनी शिडाची होडी घेताय? आधी डेक ठोकून बघा

हातात जेवढे पैसे आहेत, त्याच्या निम्म्याहून महाग होडी बघायला जाऊच नका. उरलेले निम्मे पहिल्याच वर्षी डोलकाठीच्या तारा, शिडं, बॅटऱ्या, तळाचा रंग आणि होडी ठेवायच्या जागेचं भाडं यांत जातात. फुकट मिळणारी होडी तर आणखी जपून घ्यावी. तिचं भाडं पहिल्या दिवसापासून चालू होतं, आणि नकोशी झाली की फायबरग्लासला भंगारवालाही हात लावत नाही. तोडून टाकायलाही पदरचे पैसे घालावे लागतात.

लांबी २२ ते २६ फूट, त्यापुढे नको. २४ फुटी आणि ३० फुटी होडीत फरक सहाच फुटांचा वाटतो, पण त्याच ठेवणीची होडी तेवढी मोठी केली की वजन जवळजवळ दुप्पट होतं. मग तारा जाड लागतात, शिडं मोठी लागतात, नांगर जड लागतो आणि प्रत्येक दुरुस्तीचं बिल त्या मानाने फुगतं.

होडी फायबरग्लासचीच घ्या. लाकडी होडी देखणी असते आणि स्वस्तही मिळते, पण ती दर वर्षी राबवून घेते. लोखंडी होडी आतून गंजते, आणि गंजलेली जागा नेमकी पाण्याच्या टाकीमागे, जिथे हात पोचत नाही तिथे असते. १९६० आणि ७०च्या दशकांतल्या फायबरग्लासच्या होड्यांचा तळ बहुधा जाड आणि दणकट असतो. तळावर वाटाण्याएवढे फोड असतील आणि फोडल्यावर आंबूस वासाचं पाणी आलं, तर ते ऑस्मॉसिस, म्हणजे फायबरग्लासमध्ये मुरलेलं पाणी. फोडताना चष्मा लावा, ते पाणी आम्लयुक्त असतं आणि दाबाखाली असल्यामुळे चिळकांडी उडते. भाव पाडायला हे फोड उपयोगी पडतात. थोड्याशा फोडांनी होडी बुडत नाही.

स्वस्त होडी महागात पाडतो तो डेक, म्हणजे ज्यावर आपण चालतो तो होडीचा वरचा भाग, आणि लोक नेमका तोच न बघता गाद्या, पडदे आणि शेगडी बघत बसतात.

डेकची तपासणी

डेक हा एकसंध पत्रा नसतो. फायबरग्लासचे दोन पातळ थर आणि मध्ये बोटभर जाडीचा बाल्सा लाकडाचा किंवा प्लायवूडचा गाभा, अशी ती रचना असते. डेकचा कडकपणा दोन थरांमधल्या अंतरातून आणि ते गाभ्याला घट्ट चिकटलेले असण्यातून येतो. गाभा कुजला की उरतात दोन लवचिक पापुद्रे. पाणी आत जातं ते डेकवर बसवलेल्या वस्तूंच्या बोल्टच्या भोकांतून. त्यात सगळ्यात वाईट कठड्याचे खांब, कारण होडीवर चढणारा प्रत्येक जण त्यांनाच धरून वर येतो. खांब किंचित हलतो, जुनं सीलंट सुटतं आणि पाणी वर्षानुवर्षं झिरपत राहतं. वरून चकाकी तशीच!

एक प्लास्टिकच्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर आणि कागदी चिकटपट्टी एवढंच घ्या. लोखंडी हातोडी नको, तिने भेगा पडतात आणि मालक हाकलून देतो. आधी जिथे काहीच बसवलेलं नाही अशी जागा मुठीने ठोका आणि चांगल्या डेकचा आवाज कानात बसवा. तो टणक, कोरडा ‘टक’ असा येतो. मग प्रत्येक खांब, क्लीट (दोर बांधायचा खुंटा), विंच (दोर ओढायचा रहाट), हॅच (डेकवरचं झाकण) आणि डोलकाठीच्या पायाभोवती दर पाच सेंटिमीटरवर ठोकत चला. ‘थप’ असा मेलेला आवाज आला की चिकटपट्टीचा तुकडा लावा. तासाभरात डेकवर आजाराचा नकाशा तयार होतो.

इथे दोन गोष्टी फसवतात. खाली आडवी भिंत असेल तिथे, आणि डेकच्या कडेला जिथे मुळात गाभाच नसतो तिथे आवाज बदलतो. ती कूज नव्हे. तसंच जाड, खरखरीत रंगाच्या थराखाली चांगला डेकही मंद वाजतो. शंका आली की टाचेवर पूर्ण भार देऊन उभे राहा. डेक दबला, किंवा जवळच्या स्क्रूपाशी तपकिरी पाण्याचा थेंब वर आला, तर संशय मिटला. ओलावा मोजणारं यंत्र मिळालं तर वापरा, पण कोरड्या दिवशीच. खाली धातूची पट्टी किंवा टाकी असली तरी ते ओलं दाखवतं, त्यामुळे एकट्या यंत्राच्या आकड्यावर निकाल देऊ नका. मालक तयार असेल तर सगळ्यात सखल जागेवरची एखादी वस्तू सोडवून भोकात खरवडून बघा. फिकट कोरडा भुसा निघाला तर उत्तम, काळपट चिखल निघाला तर नाही. आणि विकायच्या तोंडावर फक्त डेकच नव्याने रंगवलेला दिसला, तर दुप्पट वेळ ठोका.

‘त्यात काय, भोकं पाडून इपॉक्सी (घट्ट होणारा चिकट राळ) सोडायचं’ हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो वाईट आहे. बंद थरांमधला ओला गाभा सहजी वाळत नाही, ओल्या लाकडाला इपॉक्सी धड धरत नाही, आणि ओतलेलं इपॉक्सी सोपी वाट धरून दुसरीकडे जातं. खरी दुरुस्ती एकच: वरचा थर कापून काढायचा, कुजकं खरवडायचं, नवा गाभा चिकटवायचा, वर पुन्हा फायबरग्लास आणि रंग. तळहाताएवढी जागा असेल तर दोन सुट्ट्यांचं काम. अर्धा चौरस मीटर असेल तर एक हंगाम गेला म्हणून समजा. डोलकाठीच्या पायाखाली किंवा तारा ज्या पट्ट्यांना बांधलेल्या असतात त्या चेनप्लेटभोवती कूज असेल, तर किंमत कितीही पाडून मिळाली तरी परत फिरा. केबिनमधलं डोलकाठीजवळचं दार चौकटीत अडकत असेल, तर वरचा भार खाली बसू लागला आहे.

बाकीचं भराभर

कील (तळाखालचा वजनदार कणा): होडी पाण्याबाहेर काढलेली असताना कील आणि तळाच्या सांध्याचं पुढचं टोक बघा. तिथे फाकलेली भेग आणि गंजाचे ओघळ असतील, आणि आत बोल्टच्या नटांचे कोपरे गंजून गोल झाले असतील, तर होडी सोडा. सुकाणू खालून धरून हलवा.

तारा: दहा-बारा वर्षांहून जुन्या असतील, किंवा वय कुणालाच माहीत नसेल, तर नव्या तारांचा खर्च आत्ताच धरा. तारेवरून पातळ कागद फिरवा, बोट नको. तुटलेला धागा कागदाला अडकतो. चेनप्लेट डेकमधून जाते त्या न दिसणाऱ्या भागात स्टेनलेस स्टीलही गंजतं, कारण ओल असते आणि हवा लागत नाही. खालच्या लाकडावरचे तपकिरी डाग हीच त्याची खूण.

शिडं: शिवण नखाने खरवडा, धागा तुटला तर शीड उन्हाने संपलं.

इंजिन: गार असतानाच चालू करून दाखवायला सांगा. या लांबीला आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून टांगलेलं इंजिन बरं, बिघडलं तर उचलून नेता येतं. तळाचे सगळे सीकॉक, म्हणजे तळातल्या भोकांवरच्या तोट्या, हाताने फिरायला हव्यात.

कागदपत्रांत मालकाचं नाव, होडीवरचा क्रमांक, कर्ज आणि जागेचं थकलेलं भाडं बघा. आपल्या ठोकण्यातून होडी पार पडली, की मगच सर्व्हेअरला, म्हणजे होडी तपासणाऱ्या तज्ज्ञाला पैसे द्या, आणि तो विकणाऱ्याने सुचवलेला नको. बऱ्याच विमा कंपन्या जुन्या होडीसाठी त्याचा अहवाल मागतातच.

घेतल्यावरचं पहिलं काम

डेकवरची प्रत्येक वस्तू पाळीपाळीने सोडवा. ६ मिमीच्या बोल्टचं भोक वरून १२ मिमीचं करा, खालचा थर मात्र तसाच ठेवा. खालून पट्टी लावा, घट्ट कालवलेलं इपॉक्सी भरा, दुसऱ्या दिवशी त्याच्या मधोमध पुन्हा ६ मिमीचं भोक पाडा. त्याच्या तोंडाला किंचित उतार द्या आणि ब्यूटिल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) लावून वस्तू आवळा. आता पाणी शिरलं तरी गाभ्यापर्यंत पोचत नाही. सिलिकॉन अजिबात नको. एकदा लावलं की त्या जागी पुढे दुसरं काही धड चिकटत नाही.