कर्नल पडताना काय सांगून जाईल

बडोद्याच्या कलाभवनातून, म्हणजे सयाजीराव महाराजांच्या काळात १८९० मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे विद्यापीठात सामावलेल्या संस्थेतून, अभियांत्रिकीची पदवी घेऊन मी मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान कंपनीत रुजू झाले. ट्रान्सफॉर्मरचे तापमान नोंदवणाऱ्या उपकरणाच्या बोर्डावर लिनक्स या संगणकप्रणालीचा नवा कर्नल, म्हणजे हार्डवेअर हाताळणारा तिचा मूळ भाग, चालवून दाखवणे, हे माझे पहिले काम होते. बोर्डावर एआरएम कॉर्टेक्स-ए८ गाभ्याचा एएम३३५८ प्रोसेसर आणि ५१२ मेगाबाइट रॅम होती. एम्बेडेड क्षेत्रात, म्हणजे उपकरणांच्या आत बसणाऱ्या संगणकांच्या कामात, नव्याने येणाऱ्यांना कर्नलचे डीबगिंगचे, म्हणजे दोष शोधण्याचे, पर्याय कसे निवडावेत हे सहसा कोणी बसवून शिकवत नाही, म्हणून त्या बोर्डाने मला जे शिकवले ते येथे सविस्तर लिहीत आहे.

पहिल्याच दिवशी बूटलोडरने (कर्नल मेमरीत चढवून सुरू करणाऱ्या प्रोग्रामने) ‘स्टार्टिंग कर्नल’ अशी ओळ छापली आणि त्यानंतर पडद्यावर एक अक्षरही उमटले नाही. आमच्या प्रयोगशाळेतील अनुभवी गुजराती तंत्रज्ञांनी सर्वप्रथम विचारले, “बेन, अर्थिंगची तार नीट बसली आहे ना?” तार व्यवस्थित होती, सिरियल केबल ३.३ व्होल्टची होती आणि वेगही ११५२०० असा बरोबर ठेवलेला होता. कर्नल सुरुवातीलाच कोसळला असणार असे गृहीत धरून मी दोन दिवस डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डावरील हार्डवेअरचे वर्णन करणारी फाइल, तपासत बसले. खरे तर कन्सोलचा, म्हणजे संदेश छापणाऱ्या पोर्टाचा, ड्रायव्हर जागा होण्यापूर्वी कर्नलला बोलते करणारे पर्याय मी आधी चालू करायला हवे होते. कर्नलचे पर्याय निवडण्याच्या ‘मेन्यूकॉन्फिग’ या मेन्यूतील ‘कर्नल हॅकिंग’ या विभागात ३२ बिटांच्या एआरएमसाठी ‘डीबग एलएल’ आणि त्याच्या आधाराने चालणारा ‘अर्ली प्रिंटके’ असे दोन पर्याय असतात. ते निवडून कर्नलच्या कमांड लाइनमध्ये ‘अर्लीप्रिंटके’ हा शब्द घातला की संदेश थेट सिरियल पोर्टच्या रजिस्टरात लिहिले जातात. येथे एक बारकावा फसवतो: प्रोसेसरच्या माहितीपुस्तिकेत ज्या पोर्टाला शून्य क्रमांक आहे, त्याला कर्नलच्या यादीत एक क्रमांक दिलेला आहे, त्यामुळे नावावर न जाता पोर्टाचा पत्ता ताडून पाहावा. शिवाय ‘डीबग एलएल’ने कर्नल एकाच पोर्टाशी बांधला जातो, म्हणून ती प्रतिमा (कर्नलची तयार फाइल) दुसऱ्या जातीच्या बोर्डावर नेऊ नये. ६४ बिटांच्या एआरएमवर हा पर्याय नसतो. तेथे ‘अर्लीकॉन’ वापरावे.

हे पर्याय चालू करताच संदेशांची रांग लागली आणि कर्नल कोसळलेला नसून शेवटपर्यंत बूट होत असल्याचे दिसले. कमांड लाइनमध्ये कन्सोलचे नाव जुन्या ड्रायव्हरच्या पद्धतीने ‘टीटीवाय-ओ-शून्य’ असे होते, तर नव्या ड्रायव्हरमध्ये तोच पोर्ट ‘टीटीवाय-एस-शून्य’ म्हणून ओळखला जातो. जुने नाव चालवून घेणारा पर्याय आमच्या कॉन्फिगरेशनमध्ये बंद होता. दोन दिवसांचा तो शोध अर्ध्या तासात आटोपला असता.

दुसरा धडा याहून महत्त्वाचा आहे. उपकरण दोन-तीन दिवस सुरळीत चालायचे आणि मग एकाएकी गोठायचे. संशय आमच्याच ड्रायव्हरवर होता, म्हणून मी इंटरप्ट, म्हणजे हार्डवेअरने प्रोसेसरला दिलेली हाक, हाताळणाऱ्या फंक्शनमध्ये छापील संदेश घातले, तर गोठणेच थांबले. ११५२०० वेगाला सेकंदाला सुमारे ११,५२० अक्षरे जातात, म्हणजे ८० अक्षरांची एक ओळ जवळजवळ ७ मिलिसेकंद खाते. एवढ्या विलंबाने घटनांचा क्रमच बदलतो आणि दोष लपून बसतो. अशा जागी ‘ट्रेस प्रिंटके’ वापरावे, कारण ते सिरियल पोर्टावर न छापता मेमरीतील बफरमध्ये नोंद करते. प्रत्यक्ष चोर मात्र ‘डीबग अ‍ॅटॉमिक स्लीप’ने पकडला. तो पर्याय चालू करून बूट केल्यावर पहिल्याच इंटरप्टला इशारा आला, की जेथे झोपण्यास मनाई आहे तेथून झोपू शकणारे, म्हणजे वाट पाहत थांबू शकणारे, फंक्शन बोलावले गेले आहे. इंटरप्टच्या आत आम्ही म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच मिळणारा लॉक, घेत होतो. तो बहुतेक वेळा मोकळा सापडायचा, म्हणून काही बिघडत नसे. ज्या क्षणी तो दुसऱ्या कोणाकडे असे, त्या क्षणी बोर्ड गोठे. ते काम झोपण्यास मुभा असलेल्या थ्रेडेड इंटरप्टमध्ये हलवल्यावर तक्रार कायमची मिटली.

‘प्रूव्ह लॉकिंग’ हा पर्यायही कामाच्या टेबलावर चालू ठेवावा असे माझे ठाम मत आहे, कारण लॉक घेण्याच्या क्रमातील चूक तो प्रत्यक्ष कोंडी होण्यापूर्वीच सांगतो. मात्र पहिला अहवाल दिल्यानंतर तो स्वतःला बंद करून घेतो, त्यामुळे पहिली तक्रार दुरुस्त केल्याशिवाय पुढच्या दिसत नाहीत. ‘केएसॅन’ मेमरीतील चुका उत्तम पकडतो, परंतु त्याचा सर्वसाधारण प्रकार मेमरीच्या एक अष्टमांश एवढी जागा स्वतःच्या नोंदींसाठी घेतो आणि गतीही मंदावते. तो ठरावीक चाचणीपुरताच वापरावा.

पर्याय निवडला म्हणजे तो लागू झालाच, असेही समजू नये. त्याच्या आधाराचा दुसरा पर्याय बंद असेल, तर ‘ओल्डडेफकॉन्फिग’ ही कॉन्फिगरेशन जुळवणारी आज्ञा त्याला न बोलता गाळून टाकते. म्हणून डीबगिंगचे पर्याय वेगळ्या छोट्या फाइलमध्ये ठेवून ‘मर्ज कॉन्फिग’ या स्क्रिप्टने जोडावेत. गळालेल्या पर्यायांची नावे ती सांगते.

ग्राहकाकडे जाणाऱ्या कर्नलमध्ये वरचे जड पर्याय बंद असावेत, परंतु ‘कॉलसिम्स’ आणि ‘पीस्टोअर’चा रॅम प्रकार चालू असावा. पहिल्यामुळे कोसळतानाच्या संदेशात आकड्यांऐवजी फंक्शनांची नावे येतात; दुसऱ्यामुळे राखून ठेवलेल्या मेमरीत तो संदेश उरतो आणि वीज न जाता बोर्ड पुन्हा सुरू झाला तर वाचता येतो. स्रोतातील ओळींची माहिती जोडणाऱ्या ‘डीबग इन्फो’लाही घाबरू नये. त्याने संगणकावरची ‘व्हीएमलिनक्स’ ही असंकुचित कर्नलची फाइल खूप फुगते, पण बोर्डावर जाणारी संकुचित प्रतिमा फुगत नाही. मॉड्यूल, म्हणजे कर्नलला वेगळे जोडले जाणारे भाग, तेवढी चढवताना छाटून घ्यावी लागतात.

एका पावसाळ्यात ग्राहकाच्या उपकेंद्रातून ‘पीस्टोअर’ची अशी नोंद हाती आली. त्यात फंक्शनचे नाव होते आणि त्यापासूनचे अंतरही होते, पण त्या आवृत्तीची ‘व्हीएमलिनक्स’ फाइल मी पुढच्या बिल्डमध्ये पुसून टाकली होती, त्यामुळे स्रोतातील नेमकी ओळ काढता आली नाही आणि तीनशे ओळींचे ते फंक्शन डोळ्यांनी चाळण्यात आठवडा गेला. आता प्रत्येक आवृत्तीबरोबर तिची ‘व्हीएमलिनक्स’ आणि कॉन्फिगरेशनची फाइल मी आवृत्ती क्रमांकाच्या फोल्डरमध्ये जपून ठेवते, आणि ते फोल्डर भरल्याशिवाय बोर्ड खोक्यात जात नाही.