कादंबरी आणि चित्रपट यांची तुलना कशी करावी

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या अद्भुतरम्य कादंबरीची (१९५४-५५) तिच्यावरील चित्रपटत्रयीशी (२००१-०३) तुलना करताना वगळलेल्या प्रसंगांची यादी करत बसू नये. टॉम बॉम्बाडिल हे जंगलातले गूढ पात्र गाळले गेले, एवढी नोंद पुरे. त्याऐवजी एखाद्या पात्राचा निर्णय कुठे बदलला, हे शोधावे. कादंबरीतला सेनानी फॅरामिर अफाट सत्ता देणाऱ्या अंगठीचा मोह ठामपणे नाकारतो. चित्रपटात मात्र तो ती अंगठी नष्ट करायला निघालेल्या फ्रोडोला बंदी करून ऑस्गिलियाथ या उद्ध्वस्त शहरापर्यंत नेतो आणि मगच सोडतो. असा बदल आढळला की त्यामुळे कथेतला ताण किती वाढला आणि त्या बदल्यात पात्राने काय गमावले, हे दोन्ही तपासावे. माझ्या मते येथे ताण वाढला खरा, परंतु अंगठीच्या मोहाला बळी पडलेल्या भावाहून, म्हणजे बोरोमिरहून असलेले फॅरामिरचे वेगळेपण फिके पडले. परतल्यावर शायरमध्ये, म्हणजे फ्रोडोच्या बुटक्या हॉबिट जमातीच्या प्रदेशात, द्यावा लागणारा लढा गाळल्यामुळे युद्धाची झळ हॉबिटांच्या घरापर्यंत पोहोचतच नाही, हेही नोंदवावे.