छोटी परदेशवारी : एक देश की दोन, हे कसं ठरवायचं

"एवढं भाडं घालून चाललोच आहोत, तर शेजारचा देशही उरकून घेऊ." हे वाक्य मी नात्यात, भिशीत आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये इतक्यांदा ऐकलंय की समोरच्यानं 'एवढं भाडं' म्हणताच पुढचं मला कळतं. उरकायची असतात ती बँकेची कामं. गेल्या बारा-तेरा वर्षांत आमच्या घरच्या आणि इतर चार घरांच्या सहली मी आखल्या. त्यातली पहिली दोन देशांची सहल मीच पुरती घालवली होती, म्हणून हे लिहायचा हक्क मला आहे.

पासपोर्टची मुदत परतीनंतरही सहा महिने आहे, रजा मंजूर आहे आणि खर्चाचा आकडा घरात ठरलाय, असं धरून चालते. हे झालं नसेल तर आधी ते करा.

आधी पूर्ण दिवस मोजा

पूर्ण दिवस म्हणजे ज्या गावात सकाळी उठलो त्याच गावात रात्री झोपलो, तो दिवस. बाकीचे सगळे प्रवासाचे. कंपनीच्या माहितीपत्रकातले '६ रात्री ७ दिवस' विसरा, त्यात विमानातली झोपही मोजलेली असते.

आपलं पुण्याचं गणित तर आणखी वाईट. लोहगावहून थेट परदेशी उड्डाणं मोजकीच, त्यामुळे बहुतेक वेळा मुंबईचा सहार विमानतळ गाठावा लागतो. अंतर दीडशे किलोमीटर, पण शुक्रवारी संध्याकाळी घाटात एखादा कंटेनर आडवा झाला की किलोमीटरला काही अर्थ राहत नाही. शनिवारी पहाटे अडीचचं विमान असेल तर शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या पुढे पुण्यात थांबायचं नाही, हा आमचा नियम. साडेपाच तास उडून, घड्याळ अडीच तास पुढे करून सकाळी साडेदहाला सिंगापूर. खोली मिळणार तीनला. शनिवार गेला. पुढच्या शनिवारी अकराला खोली सोडायची, संध्याकाळचं विमान, रविवारी पहाटे पुणे. कागदावर शनिवार ते रविवार नऊ दिवसांची सुट्टी, हातात पूर्ण दिवस सहा.

लोहगावहून थेट विमान मिळत असेल तर दोन्ही टोकांना जवळजवळ अर्धा-अर्धा दिवस वाचतो. अशा वेळी ज्या देशाचं विमान इथून सुटतं, त्याच देशाला जा. यात मला अजिबात संकोच वाटत नाही.

व्हिसा बघा

दोन गोष्टी तपासा : दुसऱ्या देशाला व्हिसा लागतो का, आणि पहिल्या देशाचा व्हिसा एकदाच आत सोडणारा आहे का. दुसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. हनोई, तिथून कंबोडियात अंगकोरवाट, परत हो ची मिन्ह सिटी आणि मुंबई, असा बेत नकाशावर फार छान दिसतो. पण व्हिएतनामचा एका प्रवेशाचा २५ डॉलरचा ई-व्हिसा काढला असेल, तर कंबोडियातून परत आत घेणार नाहीत. त्यासाठी अनेक प्रवेशांचा ५० डॉलरचा लागतो. अर्ज भरताना ते एका टिचकीचं काम आहे, नंतर मात्र सुधारता येत नाही.

मलेशियानं १ डिसेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांना ३० दिवसांपर्यंत व्हिसा माफ केलाय. ही सवलत ठरावीक मुदतीची आहे, तेव्हा तिकीट काढायच्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावर खात्री करा. सिंगापूरला व्हिसा लागतो. शिवाय सिंगापूर आणि मलेशिया दोघांनाही पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन-पत्र भरून हवं असतं, थायलंडनंही १ मे २०२५ पासून ते सुरू केलंय. ही पत्रं फुकट असतात. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं की ते बंद करा.

देश बदलायचा दिवस : इथेच सगळं ठरतं

लोक दुसऱ्या देशाचा खर्च काढतात तेव्हा विमानाचं तिकीट बघतात. सिंगापूर ते क्वालालंपूर एक तास, भाडंही फार नाही. मग काय हरकत आहे? मीही असंच म्हणाले होते.

त्या दिवशी आम्ही नऊला सिंगापूरचं हॉटेल सोडलं. म्हणजे सातला उठून बॅगा भरल्या होत्या, सासूबाईंच्या गोळ्या, लेकाचा चार्जर आणि बाथरूममधली ओली टॉवेलपट्टी तीन-तीनदा शोधून. दहाला विमानतळ. तिथे कळलं की मुंबईहून येताना माणशी जेवढं सामान चाललं होतं, तेवढं या छोट्या विमानाला चालत नाही. वेगळं तिकीट, वेगळी कंपनी, २० किलोची मर्यादा. काटा २३.४ दाखवत होता. मी काउंटरच्या बाजूला जमिनीवर बसून बॅग उघडली. चिवडा नवऱ्याच्या पाठपिशवीत, चपला लेकाच्या, लोणच्याची बरणी माझ्या हातातल्या बॅगेत. या ओढाताणीत थालीपीठाच्या भाजणीची पिशवी फाटली आणि माझ्या काळ्या पँटवर, नवऱ्याच्या बुटांवर आणि त्या चकचकीत फरशीवर खमंग पिवळसर पीठ पसरलं. सफाईची बाई आली, तिला काय सांगावं कळेना. पुढे सुरक्षा तपासणीत लोणचंही गेलं. हातातल्या सामानात शंभर मिलिलिटरच्या वर पातळ पदार्थ चालत नाही आणि तेलात बुडालेलं लोणचं त्यांच्या लेखी पातळच.

एकचं विमान दोनच्या सुमारास उतरलं. पासपोर्टच्या रांगेत तासभर. क्वालालंपूरचा विमानतळ शहरापासून पन्नासहून जास्त किलोमीटरवर आहे. आगगाडी अर्ध्या तासात मध्यवर्ती स्थानकात आणून सोडते, पण गाडीची वाट पाहणं, मग स्थानकातून टॅक्सी, मग हॉटेलच्या काउंटरवर पुन्हा पासपोर्ट. खोलीची किल्ली हातात पडली तेव्हा पाच वाजले होते आणि बाहेर धो धो पाऊस. एक तासाचं विमान, आठ तासांचा दिवस. सासूबाईंना आजही मलेशिया म्हटलं की बटू गुंफांबाहेरची मुरुगनची सोनेरी मूर्ती आणि विमानतळावरची सरकती पट्टी एवढंच आठवतं. गुंफेच्या २७२ पायऱ्या त्यांना चढता आल्याच नाहीत, आणि दुसरं काही बघायला दिवसच उरला नव्हता.

तेव्हा आता मी असं करते. कागद घेते, दोन वेळा लिहिते : बॅगेची चेन लागली ती वेळ आणि दुसऱ्या गावात किल्ली मिळाली ती वेळ. मधलं सगळं भरते. हॉटेल ते विमानतळ, परदेशी विमानासाठी तीन तास आधी, उड्डाण, पासपोर्टची रांग, बॅगांचा पट्टा, विमानतळ ते शहर, आणि खोली तीनच्या आधी मिळत नाही हे. बेरीज सहा तासांच्या वर गेली की तो दिवस खोडायचा. अर्धा वगैरे धरायचा नाही. 'संध्याकाळी जरा फिरू' हे पुण्यात बसून म्हणणं सोपं असतं.

मग त्याची किंमत काढायची. समजा चौघांच्या सहलीचा खर्च चार लाख आणि पूर्ण दिवस सहा. एका दिवसाला सुमारे ६७ हजार पडले. म्हणजे दुसऱ्या देशात नुसतं शिरायचेच ६७ हजार, त्या विमानाचं तिकीट वेगळं. हा आकडा जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचा. आमच्याकडे तीन वेळा वाचला, दोन वेळा दुसरा देश तिथल्या तिथे गळला.

इतकं करूनही जायचंच असेल, तर तिकिटाबाबत मी तसूभरही तडजोड करत नाही. मुंबई-सिंगापूर-मुंबई असं परतीचं तिकीट काढून मधे क्वालालंपूरला जाऊन यायचं, म्हणजे एकाऐवजी दोन दिवस खोडायचे. ते नको. तिकीट काढतानाच 'मल्टी-सिटी' निवडा : जाताना मुंबई-सिंगापूर, येताना क्वालालंपूर-मुंबई. थोडं महाग पडलं तरी चालेल. आणि परतीचं तिकीट स्वस्त दिसतंय म्हणून ते काढून त्यातला मधला टप्पा सोडून देण्याचा हुशार सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. एक टप्पा न सांगता चुकवला की पुढचे टप्पे कंपनी सहसा रद्दच करते.

भारतात परतायच्या दिवशी तिसऱ्या गावातून वेगळ्या तिकिटावर येऊन विमान पकडायचा बेत तर कधीच करू नका. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरं तुमच्यासाठी थांबणार नाही आणि पैसेही परत मिळणार नाहीत. बँकॉकला आणखी एक गंमत आहे. तिथे सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग असे दोन विमानतळ आहेत, शहराच्या दोन दिशांना. स्वस्त विमान एकातून सुटतं आणि घरी येणारं दुसऱ्यातून. तिकिटावरचं नाव वाचा, नुसतं 'बँकॉक' वाचून समाधान मानू नका.

बसनं जायला हरकत नाही, सिंगापूर-क्वालालंपूर पाच-सहा तास लागतात. पण सीमेवर दोन्ही देशांच्या चौक्यांवर उतरून रांगेत उभं राहायचं, तेही सामान घेऊन. पंचविशीतल्या पोरांना मजा येते. सासूबाईंना नाही.

बॅग हलत नसेल तर देश मोजायचा नाही

वरचं सगळं ऐकून कुणी म्हणेल, मग युरोप कसा करायचा? तिथे गणित वेगळं. शेंगेन करारातल्या २९ देशांना एकच व्हिसा चालतो आणि आगगाडीनं सीमा कधी ओलांडली हे बहुतेक वेळा फोनवर मेसेज आल्यावर कळतं. व्हिएन्नाहून ब्रातिस्लाव्हा तासाभरावर. सकाळी जा, दुपारचं जेवा, रात्री व्हिएन्नातल्याच गादीवर झोपा. हॉटेल बदललं नाही, म्हणजे माझ्या हिशेबात दिवस पूर्णच. सिंगापूरहून पलीकडच्या जोहोर बारूला एका दिवसात जाऊन येणंही याच प्रकारातलं, फक्त शनिवार-रविवारी पुलावरच्या गर्दीत जाऊ नका.

शेंगेनचा अर्ज मात्र ज्या देशात जास्त रात्री, त्याच देशाकडे करायचा. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतरणार त्याच्याकडे. आणि लंडन-पॅरिस ही जोडी जवळ दिसली तरी ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. दोन व्हिसा, दोन फिया, बोटांचे ठसे दोनदा. आठ दिवसांसाठी एवढा खटाटोप मी करणार नाही.

सोबत कोण आहे

पाच वर्षांखालचं मूल किंवा गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल तर एकच देश. यावर चर्चा नाही.

आता ठरवा

पूर्ण दिवस पाच किंवा कमी : एक देश. सहा-सात : एक देश आणि त्यातली दोन गावं. बँकॉकनंतर चियांग माई घ्या, दुबईबरोबर अबू धाबी घ्या, हनोईनंतर होई आन घ्या. गाव बदलतं, हवा बदलते, पण सिम कार्ड तेच, नोटा त्याच आणि पासपोर्टची रांग नाही. दुसऱ्या देशात जे 'वेगळं काहीतरी' शोधायला निघालात, ते इथे निम्म्या त्रासात मिळतं. आठ किंवा जास्त पूर्ण दिवस असतील, मल्टी-सिटी तिकीट मिळत असेल आणि कागदावरची बेरीज सहा तासांच्या आत असेल, तर खुशाल दोन देश करा, मी कुणाला अडवलेलं नाही. तीन देशांची जाहिरात दिसली तर पेन्सिल घेऊन कार्यक्रमपत्रिकेतल्या 'आगमन', 'प्रस्थान' आणि 'चेक-आउट' या शब्दांवर गोल करा. खूण नसलेले दिवस मोजा, आणि मग त्यांना फोन करा किंवा करू नका.

पासपोर्टवर शिक्के वाढतात म्हणून दोन देश करणारेही मला भेटलेत. त्यांच्या माहितीसाठी, सिंगापूर आता शिक्का मारतच नाही, परवानगी ई-मेलवर येते.

दोन देश ठरलेच तर महागडा आणि पायपिटीचा देश आधी, समुद्रकिनारा आणि लोळणं नंतर. हॉटेलं रद्द करता येतील अशी घ्या. सामान सगळ्यांत लहान विमानाच्या मर्यादेत भरा आणि पुण्यातच घरच्या काट्यावर तोला. लोणचं मोठ्या बॅगेच्या तळाशी. भाजणी न्यायचीच असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात न्या, पिशवीत नको.