नेमबाजांची सोंगटी आघाडीवर नेऊ नका

अमेरिकी यादवी युद्धावरच्या सोंगट्यांच्या खेळाचा पट मांडला की बहुतेक जण नेमबाज तुकडी थेट आघाडीवर नेतात आणि ती दोन-तीन फेऱ्यांत मरते. नागपुरात धरमपेठेतल्या घरी, रविवारी दुपारी कूलरसमोर पट मांडून आम्ही खेळतो. तिथे खाली दिलेली पद्धत चांगली जमली आहे.

१. तुकडी बाजूच्या झाडीत किंवा उंचवट्यावर ठेवा.

२. निशाणा आधी तोफेवरच्या माणसांवर, मग सेनापतीवर. समोर पायदळ कितीही दाट दिसलं तरी मोह आवरा. ९ मे १८६४ रोजी स्पॉटसिल्व्हेनियाच्या लढाईत उत्तरेच्या सैन्याचे जनरल सेजविक दूरच्या नेमबाजाच्याच गोळीने पडले. पटावरही सेनापती गेला की त्याच्या तुकड्या बहुतेक नियमांत लगेच डळमळतात.

३. शत्रूच्या बंदुकांच्या पल्ल्याबाहेर एक घर लांब राहा. घरं बोट टेकवून मोजा, नजरेचा अंदाज हमखास चुकतो.

४. गोळी झाडली की पुढच्या फेरीत जागा बदला.

मात्र घोडदळ जवळ असेल तर मागे दोन घरांच्या आत आपलं पायदळ हवंच. हातघाईत ही तुकडी एक फेरीही टिकत नाही.