टर्मिनलमधल्या टेबलचा पीआर (कोडबदलाचा प्रस्ताव) रिव्ह्यूला आला तर

टेबल छापणारा कोड दिसायला गरीब असतो. चार लूप, थोडं पॅडिंग, संपलं. म्हणूनच नवीन माणसाकडे सरकवला जातो. घाबरू नका, पण लूप वाचत बसू नका. आधी टेस्टमधला डेटा बघा. सगळीकडे ‘फू’ आणि ‘बार’ असे नमुन्याचे इंग्रजी शब्दच असतील, तर ती टेस्ट असून नसल्यासारखी.

मी जिथे आपटले ती जागा म्हणजे रुंदी. पायथॉनचं लांबी सांगणारं लेन कोडपॉइंट (युनिकोडची सुटी चिन्हं) मोजतं, स्क्रीनवरची घरं नाही. ‘मुंबई’ घ्या: म, उकार, अनुस्वार, ब, ई. लेन 5, जागा 3 घरांची. उजवीकडे स्पेस भरणाऱ्या एलजस्टला 8 सांगितलं की तो 3 स्पेस जोडतो, एकूण 6 घरं भरतात आणि पुढची उभी रेघ दोन घरं डावीकडे येते. वरच्या ओळीतल्या ‘नगर’ची रेघ मात्र अगदी जागेवर! त्यामुळे लेखक छातीठोकपणे सांगतो, ‘माझ्याकडे तर नीट दिसतंय.’

रॅपिंगमध्ये, म्हणजे मजकूर ओळींत तोडताना, हेच जास्त बोचतं, कारण ते काम करणारं पायथॉनचं टेक्स्टरॅपही लेनच वापरतं. ‘पुणे’ला 3 रुंदी देऊन बघा. शब्द खरं तर दोन घरांत मावतो, पण लेन 4 येतं म्हणून तो तोडला जातो. वर ‘पुण’, खालच्या ओळीत नुसती मात्रा लोंबकळते. लांब शब्द तोडायचा पर्याय मुळातच चालू असतो, हे विसरू नका. चिनी-जपानी अक्षरांचं उलट: लेन 1, जागा 2, कॉलम फुटतो.

‘डब्ल्यूसीविड्थ लाव, झालं’ असं सीनियर सांगतील. स्क्रीनवरची घरं मोजणारी ही लायब्ररी चांगली आहे, सल्ला अर्धा आहे. स्ट्रिंगमध्ये रंगाचा एस्केप कोड असेल तर लायब्ररीचं अख्खी स्ट्रिंग मोजणारं डब्ल्यूसीएसविड्थ -1 देतं आणि पॅडिंग गुपचूप चुकतं. रंग आधी काढा, मग मोजा. जोडाक्षरांची जागा टर्मिनल आणि फॉन्टप्रमाणे बदलते. तिथे शंभर टक्के जुळवायचा हट्ट सोडा, कोणालाच जमत नाही.

रिकामा सेलही तपासा. टेक्स्टरॅप त्याला रिकामी लिस्ट देतं. पुढे शेजारच्या सेलच्या ओळी झिपने जोडल्या असतील तर ते सर्वांत छोट्या लिस्टपाशीच थांबतं: अख्खी रो गायब, एररही नाही. सर्वांत लांब लिस्टपर्यंत जाणारं झिप-लाँगेस्ट मागा. आणि कमेंटमध्ये मत लिहू नका, आउटपुट चिकटवा. सरकलेल्या रेघेशी कोणी वाद घालत नाही, सीनियरसुद्धा.